पेस्ट बदलली आणि कॉम्प्युटर चालूच होईना: प्रोसेसरला हात लावल्यानंतरची तपासणी, क्रमाने

"दादा, नुसती पेस्ट बदलली हो, दुसरं काहीच केलं नाही. आता बटण दाबलं तर पंखासुद्धा हलत नाही."

इंदूरात ऊन तापायला लागलं की मला असे फोन सुरू होतात. पंख्यांचा आवाज वाढलेला असतो, मग घरातलं कोणीतरी रविवारी सकाळी पोहे खाऊन कॅबिनेट उघडतं. धूळ झाडून, हीटसिंक (प्रोसेसरची उष्णता खेचणारा धातूचा ठोकळा) काढून, दोघांच्या मधली उष्णता वाहून नेणारी पेस्ट नवी लावून सगळं परत जोडतं आणि मशीन मुकं होतं. माझ्यापर्यंत फोन येतो तोवर हीटसिंक आणखी दोनदा काढून लावलेला असतो आणि घरात 'प्रोसेसर उडाला' असा निकालही लागलेला असतो.

या लेखात मी एकच गोष्ट वेगवेगळ्या टप्प्यांवर सांगणार आहे. तासाभरापूर्वी चालणारं मशीन बंद पडलं असेल, तर दोष बहुतेक वेळा तुमचा हात जिथून गेला त्या वाटेवर असतो. त्या वाटेने उलटं जायचं, सोप्यापासून अवघडाकडे. हीटसिंक परत काढणं हे शेवटचं काम आहे, कारण तो निघाला की पेस्ट पुन्हा लावावी लागते आणि पिना वाकण्याचा धोका पुन्हा घ्यावा लागतो.

## तयारी

मोठा पेचकस, टॉर्च, मऊ सुती फडकं, पेस्टची ट्यूब आणि आयसोप्रोपाइल अल्कोहोल एवढं जवळ ठेवा. हे अल्कोहोल जेल रोडवर मोबाइल दुरुस्तीचं सामान विकणाऱ्या दुकानांत 'आयपीए' म्हणून मागा, शक्यतो ९९ टक्क्यांचं. हात धुवायचं सॅनिटायझर चालणार नाही, त्यात पाणी आणि ग्लिसरीन असतं. मल्टिमीटर असला तर उत्तम, नसला तरी सहाव्या टप्प्यापर्यंत अडत नाही.

कशालाही हात लावण्याआधी उघड्या कॅबिनेटचे मोबाइलवर चार-पाच फोटो काढा. खरं तर हे पेस्ट लावण्याआधीच करायचं असतं, पण आता तरी करा.

त्यानंतर मागचा स्विच बंद करा, पॉवर कॉर्ड काढा आणि समोरचं बटण १५ सेकंद दाबून धरा, म्हणजे उरलेला चार्ज निघून जातो. मग कॅबिनेटच्या रंग नसलेल्या पत्र्याला हात लावून कामाला बसा. गालिच्यावर बसू नका.

रामबाग किंवा जुन्या इंदूरमधल्या जुन्या घरांत राहणाऱ्यांसाठी एक जास्तीची गोष्ट. चालू मशीनच्या पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील, तर त्या सॉकेटला अर्थिंग नाही. तीन पिनांच्या प्लगला दोन पिनांचा जोड लावून चालवणाऱ्यांकडे हे हमखास होतं. मदरबोर्डाचं (यापुढे नुसतं 'बोर्ड') काम अशा सॉकेटवर करू नका, आधी वायरमनला बोलवा.

सावधान: एसएमपीएसचा, म्हणजे मशीनला वीज पुरवणारा, डबा उघडायचा नाही. आतल्या मोठ्या कपॅसिटरवर ३०० ते ४०० व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरही ते काही काळ टिकतात.

## टप्पा १: 'चालू होत नाही' म्हणजे नेमकं काय?

लक्षण नीट ओळखलं की अर्धं काम होतं, आणि फोनवर ते कोणीच नीट सांगत नाही. बटण दाबा आणि पुढच्यापैकी काय होतं ते बघा.

अ) काहीच नाही. दिवा नाही, पंखा नाही, आवाज नाही.

आ) पंखा क्षणभर हलतो आणि थांबतो. कधी कधी परत परत तेच होतं.

इ) पंखे फिरतात, दिवे लागतात, पण स्क्रीन काळी.

ई) मशीन चालू होतं, पण थोड्या वेळात धाडकन बंद पडतं.

'अ' असेल तर वीज बोर्डापर्यंत पोचत नाही किंवा बटण काम करत नाही, म्हणून टप्पा २, ३, ४ आणि ६. 'आ' म्हणजे कुठेतरी शॉर्ट आहे किंवा कनेक्टर अर्धवट बसलाय, त्यासाठी ३, ७ आणि ९. 'इ' साठी २, ३, ५ आणि ८. 'ई' म्हणजे बहुतेक तापण्याचा प्रश्न, सरळ टप्पा १० वर जा.

तपासा: बऱ्याच बोर्डांवर सीपीयू (प्रोसेसर), डीरॅम (रॅम), व्हीजीए (ग्राफिक्स) आणि बूट असे चार बारीक दिवे असतात. चालू करताना ते एकामागून एक लागून विझतात. जो लागलेलाच राहतो तिथे गाडं अडलंय. त्याचा फोटो काढून ठेवा.

## टप्पा २: कॅबिनेटच्या बाहेरचं

हसू नका. मागचा स्विच 'शून्य' खुणेवर राहिलाय आणि घरभर शोध चाललाय, हे मी माझ्या आतेभावाकडे आणि एकदा स्वतःच्या टेबलावरही पाहिलंय. स्विच उभ्या रेघेच्या बाजूला दाबलेला हवा. कॉर्ड एसएमपीएसमध्ये पूर्ण आत जाऊ द्या. एक्स्टेंशन बोर्ड सोडून भिंतीच्या सॉकेटमध्ये लावून बघा, आणि त्याच सॉकेटला मोबाइलचा चार्जर लावून वीज येतेय ना तेही बघा.

लक्षण 'इ' असेल आणि मशीनमध्ये ग्राफिक्स कार्ड असेल, तर मॉनिटरची केबल कार्डाला आहे की बोर्डाला? घाईत ती वरच्या, म्हणजे बोर्डाच्या पोर्टला लावली जाते. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाच्या शेवटी 'एफ' आहे, त्यांत चित्र दाखवणारा भागच नसतो. अशा मशीनमध्ये बोर्डाच्या पोर्टला लावलेला मॉनिटर काळाच राहणार.

## टप्पा ३: दोन जाड कनेक्टर

हा सगळ्यात महत्त्वाचा टप्पा, आणि घाईघाईत उरकला जातो तोही हाच.

बोर्डाला वीज दोन ठिकाणांहून मिळते. एक २४ पिनांचा रुंद कनेक्टर, बोर्डाच्या उजव्या कडेला. दुसरा प्रोसेसरचा स्वतःचा, ८ पिनांचा (जुन्या किंवा साध्या बोर्डांवर ४ पिनांचा), वरच्या डाव्या कोपऱ्यात, हीटसिंकला अगदी चिकटून. हीटसिंक काढताना बोटं तिथेच अडतात, म्हणून माणूस हा कनेक्टर काढतो. परत लावायच्या वेळी मोठा हीटसिंक बसलेला असतो, त्याच्या आडोशाला कनेक्टर दिसत नाही आणि तो राहून जातो. किंवा लागतो, पण अर्धाच. तेव्हा पंखे फिरतात आणि स्क्रीन काळी राहते. काही बोर्ड चालू होऊन लगेच बंद पडतात.

माझ्या एका मित्राचं मशीन असंच बंद पडलं. तो ते उचलून एका दुकानात घेऊन गेला. तिथे दोन मिनिटांत निकाल: "भिया, बोर्ड गया." नव्या बोर्डाचा भाव ऐकून तो परत आला, म्हणून मशीन माझ्या टेबलावर आलं. टॉर्च मारला तर आठ पिनांपैकी चार बसलेल्या आणि चार हवेत. हा कनेक्टर बऱ्याचदा चार-चारच्या दोन तुकड्यांचा असतो. एक तुकडा आत गेला होता, दुसरा हीटसिंकच्या मागे वळला होता.

तेव्हा दोन्ही कनेक्टर पूर्ण बाहेर काढा, आतल्या पिना सरळ आहेत ना ते टॉर्चने बघा आणि परत दाबा. बाजूची कडी 'टिक' करून बोर्डाच्या ओठावर बसली पाहिजे. २४ पिनांच्या कनेक्टरला जोर लागतो. बोर्ड मागे वाकू नये म्हणून दुसऱ्या हाताने त्याच्या कडेला आधार द्या.

सावधान: ग्राफिक्स कार्डाचा ८ पिनांचा कनेक्टरही असाच दिसतो, पण त्यात १२ व्होल्ट आणि ग्राउंडच्या जागा उलट असतात. तो प्रोसेसरच्या खाचेत सहज जात नाही. जात नसेल तर जोर लावू नका, प्लास्टिकवरची अक्षरं वाचा. तसंच, सुट्या केबलींचा एसएमपीएस असेल तर दुसऱ्या कंपनीची केबल त्याला लावायची नाही. खाच जुळते, आतलं वायरिंग जुळेलच असं नाही.

## टप्पा ४: समोरच्या बटणाच्या बारीक वायरी

बोर्डाच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात नऊ-दहा पिनांचा झुपका असतो. बटण, रीसेट आणि दिव्यांच्या वायरी तिथे लागतात. धूळ झाडताना त्या सुटतात.

बटणाच्या वायरीला उलटसुलट नसतं, कशीही लावा. दिव्याच्या वायरीला मात्र असतं. पण कुठल्या दोन पिनांवर बटण लावायचं हे बोर्डावर छापलेल्या अक्षरांवरूनच ठरवा. भाच्याने एकदा रीसेटची वायर बटणाच्या जागी लावली होती. मशीन बटणाने उठेना, आणि रीसेट दाबलं की झोकात चालू!

बटणाचाच संशय असेल तर दोन्ही वायरी काढा, मशीनला वीज द्या आणि पेचकसाचं टोक बटणाच्या त्या दोनच पिनांना एका क्षणापुरतं टेकवा. मशीन चालू झालं, तर बोर्ड ठीक आहे आणि दोष बटणात किंवा त्याच्या वायरीत आहे. हात थरथरत असेल तर हा प्रयोग करू नका, शेजारच्या पिनांना टोक लागता कामा नये.

## टप्पा ५: पंखा आणि रॅम

हीटसिंकच्या पंख्याची वायर बोर्डावर 'सीपीयू फॅन' असं छापलेल्या पिनांवरच लागली पाहिजे. दुसऱ्या जागी लावली तर पंखा फिरतो, पण काही बोर्ड पंख्याची चूक दाखवून तिथेच थांबतात. वायर पात्यांत अडकून पंखा अडला नाही ना, तेही बघा.

मग रॅम. हीटसिंक बसवताना तळहात रॅमवर टेकतो आणि ती एका बाजूने वर उचलली जाते. डोळ्यांना ती बसल्यासारखीच दिसते, म्हणून नुसतं बघून भागत नाही. सगळ्या पट्ट्या काढा. एकच पट्टी घ्या, प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या स्लॉटमध्ये ठेवा आणि दोन्ही टोकांना अंगठ्याने दाबा. दोन्हीकडून 'टक' ऐकू आलं पाहिजे. चार स्लॉटच्या बोर्डावर दोन पट्ट्या लावायच्या तर सहसा दुसरा आणि चौथा स्लॉट. एका पट्टीवर चालू होत नसेल तर दुसरी पट्टी लावून बघा.

पट्टीचे सोनेरी टोक खोडरबराने घासायचा रिवाज आपल्याकडे आहे. घासा हवं तर, पण बोर्डापासून लांब. रबराचा चुरा स्लॉटमध्ये गेला की नवं दुखणं.

## टप्पा ६: एसएमपीएस एकटा चालवून बघणं

लक्षण 'अ' अजूनही तसंच असेल तरच हे करा.

वीज बंद. एसएमपीएसच्या सगळ्या वायरी बोर्ड, डिस्क आणि कार्डापासून काढा. २४ पिनांच्या कनेक्टरमध्ये एकच हिरवी वायर असते. ती आणि तिच्या शेजारची कुठलीही काळी वायर वाकवलेल्या पेपरक्लिपने जोडा, क्लिपवरून हात काढा आणि मग वीज द्या. एसएमपीएसचा पंखा फिरला म्हणजे तो जिवंत आहे. काही नव्या एसएमपीएसचा पंखा भार नसताना फिरतच नाही. त्यासाठी एक जुना कॅबिनेट फॅन त्याला जोडा.

पंखा फिरला म्हणजे सगळं आलबेल असंही नाही. मल्टिमीटर असेल तर काळी पिन काळ्या वायरीवर ठेवून मोजा. पिवळ्यावर ११.४ ते १२.६ व्होल्ट, लाल वायरीवर ४.७५ ते ५.२५, नारिंगीवर ३.१४ ते ३.४७ यायला हवेत. जांभळ्या वायरीवर मागचा स्विच चालू असताना, मशीन बंद असतानाही, ५ व्होल्टच्या आसपास हवेत. तिथे शून्य असेल तर एसएमपीएस बदलायला घ्या.

सावधान: सगळ्या वायरी काळ्या असतील तर अंदाजाने क्लिप लावू नका. त्याच रांगेत जवळच उणे १२ व्होल्टची वायरही असते.

## टप्पा ७: पसारा कमी करा

ग्राफिक्स कार्ड (प्रोसेसरमध्ये चित्राची सोय असेल तर), सगळ्या डिस्का, यूएसबीच्या वस्तू, पुढच्या पॅनेलच्या वायरी, सगळं काढा. एसएमपीएस, बोर्ड, प्रोसेसर, पंखा आणि एक रॅम एवढंच ठेवा. एवढ्यावर चालू झालं तर एकेक वस्तू जोडत जा. दर वेळी वीज बंद करून.

हीटसिंकची मागची पट्टी बसवायला बोर्ड बाहेर काढला असेल, तर कॅबिनेटमधल्या पितळी स्टँडऑफ, म्हणजे बोर्ड ज्यांवर टेकतो त्या खुंट्या, मोजा. बोर्डाला भोक नाही अशा जागी एखादी राहिली, तर ती बोर्डाच्या पाठीला टेकून शॉर्ट करते. हरवलेला स्क्रूही अशाच जागी सापडतो. कॅबिनेट आडवं करून हलकेच हलवा आणि कान द्या. मला आवाज आला नाही असं एकदाही झालेलं नाही, पण तो बहुतेक वेळा कॅबिनेटच्या पायांचा असतो.

शंका राहिलीच तर बोर्ड बाहेर काढून पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवून चालवा. बोर्ड ज्या चंदेरी पिशवीत येतो त्या पिशवीवर नको, तिचा बाहेरचा थर वीज वाहून नेऊ शकतो.

## टप्पा ८: सेल काढणं, आणि थोडा धीर

वीज काढून बोर्डावरचा सीआर २०३२ हा नाण्यासारखा सेल पाच-दहा मिनिटं बाहेर ठेवा, मग परत लावा. जुनी सेटिंग पुसली जाते. सेल ३ व्होल्टचा असतो. मशीन पाच-सहा वर्षं जुनं असेल तर नवाच टाका.

याचे परिणाम आधीच समजून घ्या. तारीख आणि वेळ चुकते, रॅमचा वाढवलेला वेग मूळ पदावर येतो. काही मशीनमध्ये डिस्कची पद्धत बदलल्यामुळे विंडोज निळी स्क्रीन दाखवते. बायोसमध्ये (बोर्डाच्या स्वतःच्या सेटिंगच्या पडद्यावर) जाऊन ती पद्धत परत पहिल्यासारखी करावी लागते. बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला लावायचं कुलूप) चालू असेल तर रिकव्हरी की मागितली जाऊ शकते, ती हाताशी असल्याशिवाय सेलला हात लावू नका.

डीडीआर ५ रॅमच्या मशीनवर यानंतरची पहिली सुरुवात काही मिनिटं काळ्या स्क्रीनवरच होते. बोर्ड रॅमची जुळवणी करत असतो. अशा वेळी बटण दाबून बंद केलंत तर पुन्हा पहिल्यापासून. चहा ठेवून या.

## टप्पा ९: आता हीटसिंक

इथवर येऊनही मशीन गप्प असेल, तरच.

एएमडीच्या एएम ४ सॉकेटमध्ये (सॉकेट म्हणजे प्रोसेसर बसतो ती बोर्डावरची जागा) बसणाऱ्या प्रोसेसरला खाली १३३१ पिना असतात. वाळलेल्या पेस्टमुळे प्रोसेसर हीटसिंकला चिकटतो आणि सरळ वर ओढलं की कुलूपबंद सॉकेटमधूनही उपटून येतो. त्यामुळे हीटसिंक वर ओढायचा नाही. हेअर ड्रायरने थोडा गरम करा, डावीकडे-उजवीकडे हलकेच फिरवा, पकड सुटली की मग उचला. पहिल्या वेळी तो 'कट्' आवाज करून निघाला होता का, हे आठवून बघा. तसं असेल तर पिना आधीच वाकलेल्या असू शकतात.

पिना बघायच्या त्या डोळ्यांच्या पातळीवर धरून, रांगेच्या दिशेने. वाकलेली पिन रांगेतून डोकावते. शिसं काढलेल्या पेन-पेन्सिलचं धातूचं टोक तिच्यावर घालून एकाच दमात नाही, थोडं थोडं करत सरळ करा. मागे-पुढे केलं की ती तुटते.

इंटेलच्या सॉकेटमध्ये आणि एएमडीच्या एएम ५ मध्ये पिना बोर्डावर असतात, स्प्रिंगसारख्या वाकलेल्या. टॉर्च तिरका धरा. सगळ्या एकसारख्या चमकल्या पाहिजेत, एखादी वेगळी चमकली तर तीच वाकली. या पिना घरी सरळ करू नका. मायक्रोस्कोपखाली काम करणारा कारागीर गाठा.

सॉकेटमध्ये पेस्ट गेली असेल तर आयपीए आणि मऊ ब्रशने काढा आणि पूर्ण वाळू द्या. साधी पेस्ट वीज वाहून नेत नाही, पण पिन आणि प्रोसेसरच्या मध्ये आली की संपर्क तोडते. लिक्विड मेटल मात्र वीज वाहून नेतं आणि ॲल्युमिनियमचा हीटसिंकही खातं. ते वापरलं असेल तर आधी तेच साफ करा.

प्रोसेसर ठेवताना त्याच्या कोपऱ्यातला छोटा त्रिकोण सॉकेटच्या त्रिकोणाशी जुळवा. तो स्वतःच्या वजनाने बसला पाहिजे, बोटाने दाबायचा नाही. इंटेलचा दांडा खाली करताना कुरकुर होते आणि जोर लागतो, ते ठीक आहे.

पेस्ट मधोमध मटाराएवढी. नवीन हीटसिंकच्या तळाची प्लास्टिकची फिल्म काढलीत ना? स्क्रू समोरासमोरच्या कोपऱ्यांत, थोडे थोडे करत आवळा. एकच बाजू करकचून आवळली की सॉकेटवरचा दाब असमान होतो आणि कधी कधी रॅमची एक बाजू दिसेनाशी होते.

तपासा: इंटेलच्या डब्यातल्या पंख्याला चार दाबायच्या खुंट्या असतात. बोर्डाच्या मागून बघा, चारही खुंट्यांची पांढरी टोकं भोकातून बाहेर येऊन फाकलेली दिसली पाहिजेत. तीन दिसली तर पंखा लटकतोय, 'ई' लक्षणाचं हे नेहमीचं कारण.

## टप्पा १०: चालू झालं, पण बंद पडतंय

विंडोज सुरू करू नका. बायोसमध्ये जाऊन प्रोसेसरचं तापमान बघत पाच मिनिटं बसा. इंदूरच्या मे महिन्यात, कूलर नसलेल्या खोलीतही, ते चढून एका आकड्याशी थांबलं पाहिजे. न थांबता ८०-९० च्या पुढे जात असेल तर लगेच बंद करा. बहुतेक प्रोसेसर ९५ ते १०० अंशांच्या आसपास आधी वेग कमी करतात, तरीही तापले तर स्वतःला बंद करतात. म्हणजे जळत नाहीत, पण हीटसिंक टेकलेला नाही हे नक्की. परत टप्पा ९, या वेळी खुंट्या आणि फिल्म आधी बघा.

## दुकानात न्यायचंच असेल तर

आर. एन. टी. मार्गावरच्या सिल्व्हर मॉलला जा किंवा तुमच्या ओळखीच्या माणसाकडे. तिथे 'चालत नाही' एवढंच सांगू नका. लक्षण अ की आ, कुठला दिवा लागलेला राहतो आणि काय काय तपासलंत ते सांगा, फोटो दाखवा. तुमच्यासमोर आधी त्यांचा एसएमपीएस लावून बघायला सांगा, मग त्यांची रॅम, आणि त्यानंतरच तुमचा प्रोसेसर दुसऱ्या बोर्डावर. बोर्ड गेला असं म्हणाले तर कशावरून, ते विचारा.

आणि कॅबिनेट स्कूटरवर पायाशी उभं ठेवून नेऊ नका. मोठा हीटसिंक बोर्डाला आडवा लटकलेला असतो, खड्ड्याखड्ड्याला त्याचा हिसका सॉकेटला बसतो. रिक्षा करा, कॅबिनेट सीटवर आडवं ठेवा, बोर्ड खाली आणि हीटसिंक वर.